टांगा कोणाचा आणि लगाम कोणाच्या हाती?



ऑक्टोबर 1929. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात आले होते. धुळे मार्गावरच्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता. त्याची चौकशी करून ते रेल्वेने चाळीसगावला परतले. स्टेशनवर महारवाड्यातली माणसे हार घेऊन उभी होती. स्टेशनाबाहेर टांगे होते, पण महाराला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. बाबासाहेबांनी पायी वस्तीत यावे हे आपल्या लोकांना सहन होईना. शेवटी तोडगा निघाला. टांगा भाड्याने मिळेल, मात्र टांगेवाला हाकणार नाही. मग टांगा हाकण्याची सवय नसलेल्या आपल्यातल्याच एकाने लगाम हाती घेतला. नदीवरच्या, कठडे नसलेल्या फरशीवर टांगा उलटला. घोडा आणि टांगा नदीत गेले. बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, बेशुद्ध पडले, त्यांचा पाय मोडला आणि पुढे कित्येक दिवस ते जायबंदी होते.

हा प्रसंग बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. आपण तो भाषणात सांगतो तेव्हा टांगेवाल्याच्या जातीय अहंकारावर थांबतो. ते योग्यच आहे. पण बाबासाहेब तिथे थांबलेले नाहीत. आपल्याच माणसांनी आपला मान राखण्याच्या भरात आपला जीव धोक्यात घातला, हेही त्यांनी स्वच्छपणे नोंदवले आहे. प्रवाशाच्या मानापेक्षा त्याची सुरक्षितता मोठी, ही गोष्ट आपले लोक त्या घाईत विसरले.

आम्ही हा प्रसंग निदान वीस सभांमध्ये सांगितला असेल. त्याचा दुसरा अर्धा भाग आम्हाला कळला तो गेल्या वर्षी, स्वतःसाठी घडी होणारी विजेवर चालणारी स्कूटर घ्यायला निघालो तेव्हा.

आमची ओळख थोडक्यात सांगतो. जन्म धुळ्याच्या एका बौद्ध वस्तीतला. दीड वर्षाचे असताना पोलिओ झाला. दोन्ही पाय कमजोर, डाव्या पायाला कॅलिपर आणि दोन कुबड्या. समाजशास्त्रात एम.ए. केले आणि आता जळगावात सामाजिक कामात आहोत. आई-वडील आणि भाऊ धुळ्यात. जळगाव ते धुळे एरंडोल-पारोळामार्गे नव्वद किलोमीटरच्या आसपास. तीस वर्षे कुबड्यांवर शरीराचा भार टाकल्याने आता खांदे बोलू लागले आहेत. डॉक्टरांनी सांगितले, पाय तर गेलेलेच आहेत, आता खांदे वाचवा. म्हणजे चाके घ्या.

पोलिओला लोक नशीब म्हणतात. आम्ही समाजशास्त्राचे विद्यार्थी, आम्ही त्याला पाणी म्हणतो. पोलिओचा विषाणू मैला मिसळलेल्या पाण्यातून आणि अन्नातून पोटात जातो. गावात, शहरात गटारालगतचा नळ कोणाच्या वाट्याला येतो, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. 20 मार्च 1927 रोजी महाडला आपण ज्या हक्कासाठी गेलो तो पाण्याचा हक्क होता, आणि स्वच्छ पाण्याचा हक्क त्याच हक्काचा पुढचा भाग आहे. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात सापडला आणि 27 मार्च 2014 रोजी देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. आनंदच आहे. पण त्याआधी ज्यांचे पाय गेले ती पिढी अजून जिवंत आहे. तिशी-पस्तिशी ओलांडून ती आता थकू लागली आहे, आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष नाही. आपल्या चळवळीचेही नाही, हे आम्ही जबाबदारीने म्हणतो.

कसे ते ऐका. दोन वर्षांपूर्वी एका जयंतीच्या कार्यक्रमात आम्हाला वक्ता म्हणून बोलावले होते. विषय होता 'आत्मसन्मान आणि युवक'. स्टेजला सहा पायऱ्या, कठडा नाही. आम्ही पहिल्या पायरीचा अंदाज घेत उभे होतो तोवर चार पोरांनी आम्हाला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवले आणि खुर्चीसकट उचलून वर नेले. खाली टाळ्या पडल्या. घोषणा झाल्या. रात्री ग्रुपवर फोटो आला, आम्ही अधांतरी खुर्चीत, चेहऱ्यावर कसनुसे हसू. त्या चार पोरांचे प्रेम खरे होते याबद्दल आम्हाला शंका नाही. पण त्यांनी विचारले नव्हते. आणि आम्ही वर जाऊन पाऊण तास आत्मसन्मानावर बोललो!

त्या रात्री आम्हाला चाळीसगावचा टांगा पहिल्यांदा आतून दिसला. मान होता, हार होते, गर्दी होती. लगाम आपल्या हाती नव्हता.

डॉक्टरांचा सल्ला धुळ्याच्या आमच्या वस्तीत पोहोचला तेव्हा जयंती मंडळाच्या मुलांनी आम्हाला न सांगता वर्गणी सुरू केली. एक लाख वीस हजार रुपये जमवले. त्यात पन्नास-पन्नास रुपये देणाऱ्या धुणीभांडी करणाऱ्या मावश्या होत्या, हमाल होते. ठरले असे की, 14 एप्रिलला स्टेजवर आम्हाला एक मोठी चारचाकी इलेक्ट्रिक स्कूटर भेट द्यायची. मुलांनी फोटो पाठवला. सोफ्यासारखी सीट, पुढे मोठा दिवा, मागे निळा झेंडा लावायची जागा. वजन शंभर किलोच्या वर. म्हणजे ती ना एसटीत चढणार, ना रेल्वेत, ना रिक्षात. ती जळगावात ठेवली तर आम्ही धुळ्यात कुबड्यांवर, आणि धुळ्यात ठेवली तर जळगावात कुबड्यांवर.

आम्ही नाही म्हणालो. हे लिहिणे सोपे आहे, म्हणणे सोपे नव्हते. बैठकीत एक तरुण उठून म्हणाला, "दादा, लोकांनी पोटाला चिमटा काढून दिलंय. तुम्ही आमचं मन मोडलं." आई दाराशी उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. मग आम्ही चाळीसगावचा प्रसंग पुन्हा सांगितला, या वेळी शेवटपर्यंत. म्हणालो, भावांनो, तुम्ही आम्हाला टांगा देताय, आणि तो प्रेमाने देताय. पण जायचे कुठे, रस्ता कसला आहे, हाकणार कोण, हे प्रवाशाला विचारायचे की नाही? बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मंडळाचे जुने अध्यक्ष, ज्यांना सगळी वस्ती अण्णा म्हणते, ते म्हणाले, "मग तूच सांग बाबा, लगाम तुझ्या हातात कसा देऊ?"

त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्हाला तीन महिने लागले. जे शिकलो ते इथे लिहितो, कारण आपल्यातल्या किती तरी घरांत एक कुबडी कोपऱ्यात उभी असते.

पहिली गोष्ट, बाजारात काय काय आहे. बाजूला दोन चाके जोडलेली पेट्रोलची स्कूटर आपले अनेक अपंग बांधव वापरतात. गावातल्या गावात उत्तम, पण तिला नोंदणी लागते, लायसन्स लागते आणि ती रेल्वेत सोबत येत नाही. सरकारी शिबिरात मिळणारी बॅटरीची तीनचाकी सायकल आहे. अशी साधने बनवणारा सरकारी कारखाना, अलिम्को, 1972 मध्ये कानपूरला स्थापन झाला. या सायकलची चाके मोठी असतात, खड्डे झेलतात, शेतरस्त्यावरही चालते. पण तीही उचलून नेता येत नाही. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांसाठी खुर्चीला पुढून जोडायचे मोटरचे चाक आता आपल्याच देशात बनते. आयआयटी मद्रासमधून निघालेल्या निओमोशन कंपनीचे निओबोल्ट त्यातलेच. आणि चौथा प्रकार प्रवासात सोबत नेता येणाऱ्या स्कूटरचा. एक घडी होणारी, दुसरी चार-पाच तुकड्यांत सुटी होणारी.

अशा स्कूटरचा जन्मही घरातल्या गरजेतूनच झाला. 1968 साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात अ‍ॅलन थीम नावाच्या प्लंबिंगचे काम करणाऱ्या माणसाने घरातल्या आजारी व्यक्तीसाठी अशी पहिली गाडी बनवली आणि तिला 'अमिगो' म्हणजे मित्र असे नाव दिले. दया करणारा वेगळा आणि मित्र वेगळा, हे त्या प्लंबरला कळले होते.

दुसरी गोष्ट वजनाची. दुकानदार म्हणतात, "फक्त 23 किलो." फक्त कोणासाठी? आम्हाला 23 किलो उचलता येत नाहीत, 10 किलोही येत नाहीत. मग आम्ही स्वतःसाठी एक कसोटी ठरवली. अनोळखी माणसाला एक मिनिट विनंती केली तर त्या एकट्याला जेवढे उचलून डब्यात ठेवता येईल, तेवढेच वजन चालेल. चार माणसे गोळा करावी लागली की पुन्हा खुर्चीची मिरवणूक सुरू. सुटे भाग होणाऱ्या स्कूटरचा प्रत्येक भाग हलका असतो, पण गाडी दोन मिनिटे थांबणाऱ्या स्टेशनवर पाच तुकडे कोण सांभाळणार? म्हणून आम्ही घडीची घेतली. ज्याच्या घरी चारचाकी आहे आणि जो डिकीतूनच नेणार आहे, त्याने सुट्या भागांचीही पाहावी.

तिसरी गोष्ट रस्त्याची. पुण्यातल्या एका दुकानात आम्हाला गुळगुळीत फरशीवर स्कूटर चालवून दाखवली. आम्ही म्हणालो, बाहेर रस्त्यावर नेऊ. दुकानदार का-कू करू लागला. तिथेच उत्तर मिळाले. या गाड्यांची चाके लहान असतात आणि पोट जमिनीला लागून असते. आम्ही वस्तीतला गतिरोधक पट्टीने मोजून गेलो होतो. साडेसात सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीची गाडी त्यावर अडकली असती. तीन चाकांची लवकर वळते, अरुंद जागेत बरी, पण तिरप्या रस्त्यावर कलंडायची भीती जास्त. आम्ही चार चाकांची घेतली. भरीव टायर पंक्चर होत नाहीत, पण हाडे खिळखिळी करतात. तो सौदा डोळे उघडे ठेवून करावा.

चौथी गोष्ट बॅटरी. व्होल्ट गुणिले अ‍ॅम्पिअर-तास केले की वॅट-तास मिळतात. आमची बॅटरी 24 व्होल्ट, 10 अ‍ॅम्पिअर-तास, म्हणजे 240 वॅट-तास. हा हिशोब का करायचा? कारण अशा गाडीची काढता येणारी एक लिथियम बॅटरी 300 वॅट-तासांपर्यंत असेल तरच विमानात नेता येते. तीही कंपनीची आधी परवानगी काढून, गाडीपासून वेगळी करून, सोबत केबिनमध्ये. आज आपल्याला विमान परवडत नसेल, पण उद्या आपल्या पोराला परदेशी शिष्यवृत्ती मिळाली तर गाडी इथेच सोडून जायचे काय? कंपनी एका चार्जिंगमध्ये 18 किलोमीटर सांगते, आमच्या रस्त्यावर 11 होतात. आणि जळगावचा उन्हाळा विसरू नका. पारा 45 च्या पुढे जातो. उन्हात तापलेली लिथियम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये, आधी सावलीत थंड होऊ द्यावी.

पाचवी गोष्ट ब्रेकची. हात काढला की ही गाडी आपोआप थांबते, मोटरचा ब्रेकच तसा असतो. पण ढकलत नेण्यासाठी एक खिट्टी असते, ती ओढली की ब्रेक सुटतो. उतारावर कोणी हौशी मदतनीसाने ती ओढली तर गाडी प्रवाशासकट सुटते. चाळीसगावची फरशी आठवा. म्हणून मदत करणाऱ्याला आधी ती खिट्टी दाखवून सांगतो, हिला हात लावायचा नाही.

आणि शेवटची गोष्ट दुरुस्ती. पैसे देण्याआधी आम्ही गाडीची कागदपत्रे घेऊन ई-रिक्षा दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या मेकॅनिककडे गेलो. तो म्हणाला, वायरिंग आणि ब्रेक मी बघीन, पण कंट्रोलर आणि चार्जर कंपनीचाच लागेल. मग कंपनीकडून सुटे भाग मिळण्याची लेखी हमी घेतली.

किंमत एक लाख चौदा हजार. करासह, हेही लक्षात घ्या. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा अपंगांच्या गाड्यांवर 5 टक्के कर बसला. चालणाऱ्याच्या पायावर कर नाही, पण ज्याचे पाय विकत घ्यावे लागतात त्याच्या पायावर कर आहे. पैशाचे आम्ही असे केले. चौऱ्याहत्तर हजार आमच्या बचतीतले. चाळीस हजार मंडळाकडून बिनव्याजी उसने, दरमहा दोन हजारांनी फेडायचे. आणि वर्गणीतले उरलेले ऐंशी हजार? ते विहाराच्या उताराला लावले. विहाराचा जोता दोन फूट उंच. नियम सांगतो, एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी. म्हणजे चोवीस फुटांचा उतार. आवारात जागा चौदा फूट. मग मध्ये सपाट टप्पा ठेवून उतार वळवून घेतला. बांधून झाला तेव्हा पहिल्यांदा तो वापरला तो आम्ही नव्हे, गुडघे धरून पायऱ्या चढणाऱ्या म्हाताऱ्या आज्यांनी. दोन वर्षे वंदनेला न आलेली एक आजी त्या पौर्णिमेला आली. ज्या तरुणाने आम्ही मन मोडल्याचे म्हटले होते, त्यानेच उताराला निळा रंग दिला.

इथे काही मित्र म्हणतील, ही तुमची व्यक्तिगत अडचण, तिचा चळवळीशी काय संबंध? संबंध असा आहे. संविधानाचे कलम 19 भारतभर मुक्तपणे संचार करण्याचा हक्क देते. ज्याच्यापुढे सहा पायऱ्या आहेत त्याच्यासाठी तो हक्क कागदावर आहे, जसा चवदार तळ्याचा हक्क कायदे मंडळाच्या ठरावानंतरही कागदावर होता. समाजशास्त्रात अपंगत्वाचा सामाजिक दृष्टिकोन शिकवतात. माणसाच्या शरीरात दोष असतो, पण त्याला अपंग करतो तो समाज, पायऱ्या बांधून, दरवाजे अरुंद ठेवून. आपल्याला हे नवे वाटायचे कारण नाही. अस्पृश्यता अस्पृश्याच्या शरीरात नव्हती, ती समाजाच्या रचनेत होती, हेच तर बाबासाहेबांनी आयुष्यभर सांगितले.

शब्दांचेही तसेच. डिसेंबर 2015 मध्ये पंतप्रधानांनी 'विकलांग' ऐवजी 'दिव्यांग' म्हणा असे सुचवले आणि आता सरकारी कागदावर तोच शब्द आहे. आम्ही स्वतःला अपंग म्हणतो. आमच्या अंगात काही दिव्य नाही. ज्यांना 'हरिजन' हा शब्द का नाकारला हे ठाऊक आहे, त्यांना अधिक सांगायला नको. देवाशी नाते जोडून दिले की माणसाचा हक्क द्यावा लागत नाही.

आता रेल्वेचा दाखला पाहा. आमच्यासारख्यांना रेल्वे तिकिटात 75 टक्के सवलत मिळते. ती कोणाला? जो सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही अशा अस्थिव्यंग व्यक्तीला. सोबत्यालाही तेवढीच सवलत. सवलत चांगली आहे, आम्ही ती घेतो. पण अट वाचा. डॉक्टरने लिहून द्यायचे की हा माणूस एकटा जाऊ शकत नाही, तेव्हा स्वस्तात जाता येते. एकटे जाता यावे म्हणून लाखाची गाडी घ्यायची आणि तिकिटासाठी एकटे जाता येत नाही असा कागद खिशात ठेवायचा! परावलंबन सिद्ध करा, मग मदत मिळेल, ही व्यवस्थेची जुनी रीत आहे.

कायदा मात्र वेगळे बोलतो. 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती, नियम निघाल्यापासून पाच वर्षांत अपंगांना वापरता येतील अशा करायच्या होत्या. नियम जून 2017 मध्ये निघाले, मुदत जून 2022 मध्ये संपली. तुमच्या तहसील कचेरीत जाऊन बघा. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सांगितले की, सुगम्यतेचे निकष ही नुसती शिफारस असू शकत नाही, ते बंधनकारक असले पाहिजेत, आणि तसे नियम करायला केंद्राला तीन महिने दिले. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनी आणि नगरपालिकांनी स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी अपंगांसाठी खर्च करायचा आहे. आपल्यातले किती कार्यकर्ते ग्रामसभेत उठून हा हिशोब मागतात?

गेल्या 30 जुलैला आम्ही पहिल्यांदा एकटे निघालो. 31 जुलै 1937 रोजी बाबासाहेब न्यायालयीन कामासाठी धुळ्यात आले होते, तेव्हा त्यांचा मुक्काम लळिंगच्या लांडोर बंगल्यात होता. त्या आठवणीत दरवर्षी तिथे भीमस्मृती यात्रा भरते. आम्ही लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून जायचो. मोठे झाल्यावर खांदे मिळेनात, मग गेलोच नाही. निघताना आईचा फोन आला, "एकलाच येशी का रे तू?" आम्ही हो म्हणालो. ती काही बोलली नाही, फोनही ठेवला नाही.

सरळ बसने गेलो असतो तर लवकर पोहोचलो असतो. पण आम्हाला रेल्वेने चाळीसगावला जाऊन तिथून धुळ्याची गाडी धरायची होती. जळगावला अपंगांच्या डब्यापर्यंत स्कूटरवर गेलो, घडी केली, एका विद्यार्थ्याला विनंती केली, त्याने एकट्याने ती वर ठेवली. एक मिनिट. पाचोरा गेले, चाळीसगाव आले. धुळ्याच्या गाडीला वेळ होता. आम्ही स्कूटर उघडली आणि स्टेशनाबाहेर आलो. पाच-सहा रिक्षावाले पुढे झाले. "कुठं सोडू दादा? बसा ना." प्रत्येक जण न्यायला तयार होता. आम्ही म्हणालो, "नको भाऊ, गाडी आहे आपली."

मित्रहो, एवढेच वाक्य. पण 1929 नंतर त्याच स्टेशनाबाहेर ते म्हणताना आमचा घसा भरून आला. एक रिक्षावाला स्कूटरभोवती फिरून म्हणाला, "एव्हरेज किती देते?" आम्ही सांगितले, अकरा. तो म्हणाला, कमी आहे. आम्ही दोघेही हसलो.

दुसऱ्या दिवशी भावाच्या रिक्षात घडी घालून स्कूटर लळिंगला नेली. पावसाळी हवा, गर्दी, निळे झेंडे. चढावर अर्ध्या वाटेत मोटर दमली, गाडी रेंगाळू लागली. यंत्राला मर्यादा असतात, घेताना आम्हाला त्या ठाऊक होत्या. लगेच ओळखीची पोरे धावली आणि खाली वाकून उचलायला हात घातले. आम्ही म्हणालो, "थांबा. उचलू नका. दोघांनी मागून सीटला हात लावा, खिट्टीला नाही. थांब म्हटलं की थांबायचं." पोरे थांबली. मग त्यातल्या एकाने विचारले, "दादा, किती जोर लावू?"

हाच तो प्रश्न. स्वावलंबन म्हणजे कोणाचीच मदत न घेणे नव्हे. तसे कोणीच जगत नाही, चालणारेही नाही. मदत कोणती, किती आणि कधी हे ज्याचे त्याने ठरवणे म्हणजे स्वावलंबन. तथागतांनी स्वतःच स्वतःचा दीप व्हायला सांगितले, पण संघही दिला. दीप आपल्या हातात, आणि संघ सोबत चालणारा.

म्हणून युवक मित्रांना आमची विनंती आहे. येत्या जयंतीला डीजेच्या भिंतीआधी स्टेजच्या उताराचा खर्च धरा. वस्तीत कोणाकडे अपंगत्वाचे ओळखपत्र नाही याची यादी करा आणि काढून द्या. ग्रामसभेत 5 टक्क्यांचा हिशोब मागा. कोणाला साधन द्यायचे असेल तर आधी त्याच्या घरी जा, त्याला कुठे जायचे आहे ते विचारा, मग रस्ता मोजा आणि शेवटी गाडी निवडा. आणि खुर्ची उचलण्याआधी खुर्चीतल्या माणसाकडे बघा.

त्या दिवशी आम्ही चढ चढलो. वेग आमचा होता, जोर पोरांचा होता. वर पोहोचलो तेव्हा बॅटरीचा एकच दिवा शिल्लक होता. खाली उतरताना तो पुरला.

जय भीम! नमो बुद्धाय!